सोळा आघातांचा हात

[पडद्यावर फक्त उजवा हात, अगदी जवळून]

चेहऱ्याकडे नंतर येऊ. आधी गिटारवरचा हा हात बघा. मनगट सैल आहे, पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, दोन बोटांत हलकंच धरलंय आणि हात एकदाही थांबत नाही. आपण एक ते चार मोजेपर्यंत तो सोळा वेळा तारांवरून जातो. खाली-वर, खाली-वर.

आता डावा हात बघा. खरी गंमत इथे आहे. बोटं तारांवर टेकलेली आहेत, पण दाबलेली नाहीत. त्यामुळे बहुतेक आघात मुकेच राहतात, नुसते 'चक्, चक्' वाजतात. मधूनच बोटं क्षणभर दाबली जातात, कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, उमटते आणि लगेच मिटते. तबल्यावर बंद बोल आणि खुले बोल असतात, तसंच हे. गिटारवाले याला 'चकिंग' म्हणतात. हात गाण्यावर चाललाय असं वाटतं, पण नीट ऐकलं तर गाणंच या हातावर चाललेलं असतं.

हा हात नाईल रॉजर्सचा, अमेरिकन गिटारवादक आणि संगीत-निर्मात्याचा.

[पांढरी गिटार]

ही त्याची फेंडर स्ट्रॅटोकास्टर, १९६० सालची. तिचं नाव 'हिटमेकर'. नाईल मुळात जाझ शिकलेला, त्यामुळे त्याच्याकडे पोकळ लाकडाची जाडजूड जाझ गिटार होती. मित्राच्या आग्रहाखातर त्याने ती मायामी बीचवर देऊन टाकली आणि ही घेतली. तो मित्र बर्नार्ड एडवर्ड्स, बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवणारा. त्याचं नाव लक्षात ठेवा.

[हार्लेम, अपोलो थिएटरची पाटी]

नाईलचा जन्म १९५२ चा, न्यूयॉर्कमधला. आई तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती, पुढे घरात हेरॉईनचं व्यसन आलं. पोरवयातच तो काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर चळवळीत गेला. मग 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या दौऱ्यावरच्या वाद्यवृंदात आणि तिथून इथे, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या अपोलो थिएटरच्या कायमच्या वादकांमध्ये. इथलं काम एकच होतं: रंगमंचावर जो येईल त्याला साथ करायची. गायक बदलत राहायचे, साथीदार तेच. माझ्या मते नाईल रॉजर्सची सगळी कारकीर्द याच जागेतून उगवली आहे. साथ करणाऱ्याला गाण्याचा सांगाडा दिसतो, कारण तो त्यालाच उचलून धरायचा असतो.

[मॅनहॅटन, ५४वा रस्ता, रात्र]

बर्नार्ड त्याला १९७० मध्ये भेटला. १९७७ मध्ये दोघांच्या बँडचं नाव झालं 'शीक'. संगीत डिस्को, म्हणजे नाचायला लावणारं. ड्रमवर टोनी थॉम्पसन. त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री गायिका ग्रेस जोन्सने दोघांना या दारापाशी बोलावलं होतं. हा स्टुडिओ ५४, त्या काळातलं न्यूयॉर्कचं सगळ्यात गाजलेलं डिस्को नाचघर. यादीत नाव नव्हतं, दारवानाने आत सोडलं नाही. आत त्यांचीच गाणी वाजवली जात होती. दोघं जवळच्याच नाईलच्या घरी परतले आणि रागाच्या भरात वाजवू लागले. त्या वाजवण्यावर त्यांनी दारवानाला घातलेली शिवी जमून बसली. पुढे तिच्या जागी 'फ्रीक आऊट' हे शब्द आले आणि गाण्याचं नाव झालं 'ल फ्रीक'. १९७८ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

[रेकॉर्ड फिरते आहे, सुई खाली येते]

हे 'गुड टाइम्स', १९७९. बासचे तीन ठोके ऐका, मग बर्नार्डची बोटं वर चढत जातात. नाईलची गिटार त्या फटींमध्ये बसते, बासच्या अंगावर कधीच पडत नाही. आणि मग ती जागा येते, जिथे एकेक वाद्य बाजूला होतं आणि बास नि ड्रम तेवढे उरतात. इतर बँड अशा वेळी आवाज वाढवतात. शीक वाद्यं कमी करतो, आणि ती परत येतात तेव्हा बसलेला माणूस उठतो. ब्राँक्समधल्या डीजेंनी दोन टर्नटेबलांवर असेच तुकडे पुन्हा पुन्हा फिरवून नवं संगीत उभं केलं, हिप-हॉप. त्याच वर्षी शुगरहिल गँगचं 'रॅपर्स डिलाइट' हे रॅप गाणं याच बासवर उभं राहिलं. आधी नावही दिलेलं नव्हतं, कायद्याची भाषा केल्यावर नाईल आणि बर्नार्डची नावं लागली.

[शिकागो, कोमिस्की पार्क, धूर]

१२ जुलै १९७९. बेसबॉलच्या मैदानात डिस्कोविरोधकांनी डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटकांनी उडवला. डिस्को काळ्यांच्या, लॅटिनोंच्या आणि समलिंगी लोकांच्या नाचघरांत वाढलेला होता, हे विसरून हा धूर बघता येत नाही. 'गुड टाइम्स'नंतर शीकला अमेरिकेत तसं यश पुन्हा मिळालं नाही.

[५३वा रस्ता, पॉवर स्टेशन स्टुडिओ]

आणि इथे हात पुन्हा दिसतो, दुसऱ्यांच्या नावाखाली. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी एक गाणं घेऊन आला, बारा तारांच्या गिटारवर सहाच तारा लावून वाजवलेलं. नाईलला ते लोकगीतासारखं वाटलं. त्यावर नाचायचं कसं? त्याने कॉर्ड वरच्या पट्टीत नेल्या, त्यांतले सूर बदलले, सलग वाजणाऱ्या गिटारमध्ये मोकळ्या जागा पाडल्या आणि त्यात आघात पेरले. गाणं तेच, पण आता त्याला पाय फुटले होते. हे गाणं 'लेट्स डान्स'. त्याच नावाचा अख्खा अल्बम सतरा दिवसांत झाला आणि १९८३ मध्ये आला. मुखपृष्ठावर बोवी आहे. नाईलचं नाव शोधावं लागतं.

अशीच गाणी या हाताने इतरांसाठीही घडवली: त्याच्या आधी डायना रॉस, सिस्टर स्लेज. नंतर मडोना, ड्युरान ड्युरान. २०१० मध्ये नाईलला कर्करोग निघाला. २०१३ मध्ये डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचं 'गेट लकी', आणि तोच हात, तेच 'चक्'.

[टोकियो, बुडोकान, रात्र]

आता थोडं मागे. एप्रिल १९९६. शीकची मैफल याच सभागृहात. बर्नार्ड तापाने फणफणलेला होता, तरी उभा राहिला. वाजवता वाजवता मध्येच बास थांबला. नाईलला वाटलं, बर्नार्डने मुद्दाम जागा सोडली, काय सुरेख सुचलंय याला! हात थांबला नाही. बर्नार्डची शुद्ध हरपली होती. थोड्या वेळाने तो परत वाजवू लागला आणि मैफल पूर्ण झाली.

१८ एप्रिलला हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. न्यूमोनिया. वय ४३.

त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आहे. पुढची दोन मिनिटं आम्ही बोलणार नाही. डावीकडून बास येईल, उजवीकडून गिटार.

[आवाज वर]