कॉन्स्टन्सच्या गाळातली अंडी

मंडळी, पाणपिसू म्हणजे पिसू नव्हे. कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातला हा एक-दोन मिलिमीटरचा, जवळजवळ पारदर्शक जीव. शास्त्रज्ञ त्याला डाफ्निया म्हणतात. तो शेवाळ गाळून खातो, आणि त्याला मासे खातात. दिवस बरे असले की मादी नराशिवायच मुलींना जन्म देत राहते. गर्दी झाली, खाणं आटलं, दिवस लहान झाले, की नर जन्मतात आणि मीलनातून वेगळी, सुप्त अंडी तयार होतात. ती बहुधा दोन-दोन असतात, खोगिराच्या आकाराच्या काळसर कवचात. मादी कात टाकते तेव्हा हे कवच सुटतं, बरीचशी तळाला जातात आणि वर गाळ साचत जातो. तिथल्या काही अंड्यांत कित्येक दशकांनंतरही जीव असतो.

जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर कॉन्स्टन्स सरोवर आहे. १९५० च्या सुमारास त्याच्या पाण्यात शेवाळाला खत ठरणारा फॉस्फरस घनमीटरला १० मिलिग्रॅमच्याही आत होता. पुढे सांडपाणी आलं, फॉस्फेटवाल्या धुण्याच्या पावडरी आल्या, शेतातली खतं वाहून आली. १९८० च्या आसपास हाच आकडा ८० च्या वर गेला, आणि त्याबरोबर विषारी सायनोबॅक्टेरियाही (शेवाळासारखे पाण्यात वाढणारे जीवाणू) वाढले.

आता कोणी म्हणेल, सरोवराचा हा इतिहास जाणायला गाळातला फॉस्फरस मोजला की झालं, अंडी कशाला? पण गाळातला फॉस्फरस जागेवर राहत नाही. तळाचा ऑक्सिजन संपला की लोहाला बांधलेला फॉस्फरस सुटतो आणि पुन्हा पाण्यात येतो. त्यामुळे ही नोंदवही मागाहून खाडाखोड झालेली असते. शिवाय पाण्यात काय होतं एवढंच ती सांगते. त्या पाण्यात जगणाऱ्यांचं काय झालं, ते अंड्यांनाच विचारावं लागतं.

परिसंस्थांचा अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ नेल्सन हेअरस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नेमकं हेच मांडलं. गाळाचे थर वेगळे करायचे, त्यांची वयं ठरवायची, आणि अंड्यांना ऊब नि उजेड देऊन ती उबवायची. जुन्या थरांतल्या आणि नंतरच्या थरांतल्या अंड्यांतून निघालेल्या पाणपिसवांना त्यांनी विषारी सायनोबॅक्टेरिया मिसळलेलं खाणं दिलं. १९६० च्या दशकातल्या पाणपिसवांची वाढ खुंटली. नंतरच्या काळातल्यांनी ते खाणं बरंच पचवलं. उत्क्रांती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाखो वर्षं येतात. इथं दोनेक दशकं पुरली, आणि आजीला नि नातीला एकाच ताटात जेवू घालून फरक बघता आला! मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

अमेरिकेत मिनेसोटातल्या साउथ सेंटर लेकच्या गाळातून तर सुमारे ७०० वर्षांपूर्वीची अंडी उबवली गेली. शेती येण्याआधीच्या त्या पाणपिसवा थोडक्या फॉस्फरसवर काटकसरीनं संसार करत, असं दिसलं.

इकडे कॉन्स्टन्सचं पाणी सांडपाण्यावर प्रक्रिया सुरू झाल्यावर निवळलं आणि फॉस्फरस पुन्हा १० च्या खाली आला. पाणपिसवा मात्र पूर्वीच्या राहिल्या नाहीत. पाणी सुपीक झालं तेव्हा आलेल्या डाफ्निया गॅलिआटा या पाणपिसवांच्या दुसऱ्या जातीचा तिथल्या मूळच्या जातीशी संकर झाला होता. त्या मिश्रणाची जनुकं स्वच्छ पाण्यातही टिकून आहेत.