तुंबडी, सुई आणि माझी पाठ

नमस्कार श्रोतेहो. गेल्या खेपेला मी खांदेदुखीचं गाऱ्हाणं मांडलं होतं. आज त्यावर केलेल्या उपायांबद्दल बोलतो. अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे सुया, आणि कपिंग, म्हणजे पाठीवर लावतात ते कप.

सुयांचं आधी उरकतो. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव असते आणि जेमतेम पाव मिलिमीटर जाड. टोचल्याचं फारसं कळत नाही. मग तिथं जड वाटतं, मुंग्या येतात, आत कुणी ओढल्यासारखं होतं. त्याला घाबरू नका. वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं, मला तर झोप लागली. कोटणीसांबरोबर 1938 साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात डॉ. बसू होते. ही विद्या आपल्याकडे आणली ती त्यांनी. लक्षात ठेवा, सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. परत सांगतो, तुमच्यासमोर.

आता कप. आधी पंखा बंद केला, कारण जाळ विझतो. चिमट्यात स्पिरिटचा कापूस पेटवून काचेच्या कपात फिरवला, बाहेर काढला आणि कप थपकन पाठीवर! आतली हवा थंड होऊन आकसते, आणि तव्यावरची पोळी फुगावी तशी कातडी वर ओढली जाते. असे आठ कप, दहा मिनिटं. दुखत नाही, ताणतं. उठलो तेव्हा खांदा हलका वाटला. पाठ मात्र मी पाहिलीच नाही.

आणि तिसऱ्या दिवशी चवथ!

मूळ घरी चाळीस माणसं. (माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीत, यंदा कुणीतरी प्लास्टिकचं सफरचंद बांधलं होतं. रानातलं काही मिळत नसेल तर जागा मोकळी ठेवा, पण प्लास्टिक? असो.) पूजेला मी. सोवळं नेसलो, उघड्या अंगाने पाटावर बसलो. तोंड गणपतीकडे, पाठ सगळ्या घराकडे.

संकल्प सुरू झाला आणि मागे कुजबुज. भटजी थांबले. "यजमान, अंग बरं आहे ना?" वहिनीने धुतलेल्या पंच्यांची चळत हळूच दूर नेली. तिला गजकर्ण वाटलं असावं. पुतण्याने मोठ्याने मोजायला सुरुवात केली, "एक, दोन, तीन... काकांच्या पाठीवर आठ वाट्या!" मला मागे वळता येईना, हातात अक्षता.

तेवढ्यात कोपऱ्यातून आमची आत्या, वय अठ्ठ्याऐंशी, म्हणाली, "गप बसा रे, तुंबडी लावलीय त्याने."

तिच्या लहानपणी शिंग घेऊन एक बाई दारोदार यायची, तोंडाने हवा ओढून शिंग लावायची. सुश्रुतसंहितेतही शिंग आहे, पोकळ भोपळा आहे. म्हणजे आत्याला यात नवल ते काय! तिने एकच विचारलं, "कप लावणाऱ्याने पैसे किती घेतले?" मी आकडा सांगितला.

"मग तुंबडी त्याचीच भरली की!"

अख्खं घर हसलं. भटजीसुद्धा.

वेळ संपत आली, म्हणून भराभर सांगतो. कपाने पाठीवर उठतात ते गोल डाग माराचे नसतात. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त झिरपतं, आठ-दहा दिवसांत ते फिकट होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस गेले असतील किंवा पेसमेकर असेल, तर आधी सांगा. उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते. पाठ, मान, गुडघा, अर्धशिशी यांत काहींना आराम पडतो. मधुमेह घालवतो म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा, आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका. गोळ्या बंद करू नका, हे दोनदा सांगतो.

माझा खांदा? तीन आठवडे बरा होता. आता पुन्हा कुरकुरतोय, पुढच्या सोमवारी जाईन म्हणतो. सोमवारी का, तर घरात तोवर एकही पूजा नाही.