विज्ञानकथेच्या वाचकानं एकटं का राहावं?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सीमाभागात विज्ञानकथा वाचणारी माणसं आहेत. खानापूरला आहेत, निपाणीला आहेत, बेळगावच्या शहापुरात तर एकाच गल्लीत दोघे आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही. दिवाळी अंक हातात आला की दोघंही आधी विज्ञानकथेचं पान काढतात. पण वाचून झाल्यावर बोलायचं कुणाशी? आज मला त्याविषयीच सांगायचं आहे.

१९२६ साली अमेरिकेत ह्युगो गर्न्सबॅक यांनी निव्वळ विज्ञानकथांचं एक मासिक काढलं, 'अमेझिंग स्टोरीज'. त्यात वाचकांची पत्रं छापून यायची, आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता असायचा. झालं! वाचक थेट एकमेकांनाच पत्रं धाडू लागले. पत्रांतून मंडळं उभी राहिली आणि मंडळांनी स्वतःचे अंक काढले. मे १९३० मध्ये शिकागोहून निघालेला 'द कॉमेट' हा अशा अंकांतला पहिला मानतात. पुढे या अंकांना फॅनझिन हे नाव पडलं. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या शाळकरी पोरांनीही असाच एक अंक चालवला. १९३३ मधल्या त्यांच्या कथेत सुपरमॅन आला, तो चक्क खलनायक म्हणून. जगाला ठाऊक असलेला सुपरमॅन १९३८ चा.

ज्यांनी शाळेत किंवा कचेरीत सायक्लोस्टाइल, म्हणजे हँडल फिरवून प्रती काढायचं यंत्र, पाहिलं आहे, त्यांना हे अंक कसे निघायचे ते लगेच कळेल. टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरं उमटवायची. एखादं चुकलं, की बारीक ब्रशनं दुरुस्तीचा द्रव लावायचा, फुंकर घालून वाळवायचा आणि त्यावरच नवं अक्षर मारायचं. गोल अक्षरावर जोर जास्त पडला, की तेवढी टिकली निघून यायची आणि छापताना तिथं शाईचा ठिपका. मग स्टेन्सिल रोळावर ताणून बसवायची आणि हँडल फिरवत राहायचं. एवढा खटाटोप कुणी पैशासाठी करत नसे. अंक हवा असेल तर तुमचा अंक आम्हाला पाठवा, नाहीतर लेख द्या, चित्र द्या, तेही जमत नसेल तर मागच्या अंकावर पत्र लिहा, असा व्यवहार होता. मला या साऱ्या प्रकारातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही. पत्र लिहिणारा वाचक तिथं अंकाचा भागीदार होतो.

मग ही मंडळी प्रत्यक्ष भेटू लागली. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन झालं, दोनेकशे माणसं जमली. भांडणं तिथंही होतीच. काही तरुण गोंधळ घालतील या धास्तीनं संयोजकांनी सहाजणांना दारातच अडवलं. त्यांतले फ्रेडरिक पोल आणि डोनाल्ड वोलहाइम पुढे याच साहित्याचे मोठे संपादक झाले. या संमेलनाला तिकीट नसतं, सभासदत्व असतं. १९५३ पासून तिथं विज्ञानकथेसाठीचे ह्युगो पुरस्कार दिले जातात आणि त्यांसाठी मतं देतात ते सभासदच. फॅनझिनलाही १९५५ पासून ह्युगो आहे. सन्माननीय पाहुण्यांत नामवंत लेखकाच्या जोडीनं एखादा चाहताही असतो, ज्यानं वर्षानुवर्षं अंक काढले, पत्रं लिहिली, संमेलनात खुर्च्या उचलल्या.

खुर्च्या उचलायला आपल्याला कुणी शिकवायला नको! उचगाव, कडोली, येळ्ळूर इथली साहित्य संमेलनं गावकऱ्यांनीच उभी केली आहेत. ग्रंथदिंडी निघते, घराघरांतली माणसं राबतात, बाहेरगावच्या रसिकांना आग्रहानं जेवू घालतात. अशी सवय असलेल्या मुलखात विज्ञानकथेच्या वाचकांना तासाभराची जागा मिळणार नाही, असं मला वाटत नाही. शाळेचा एक वर्ग पुरे. व्यासपीठ नको, हारतुरे नकोत, गोल करून बसायचं.

आणि विज्ञानकथा काही आपल्याला परकी नाही. जयंत नारळीकर जन्मानं शेजारच्या कोल्हापूरचे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. एवढा मोठा शास्त्रज्ञ नवख्या लेखकांच्या रांगेत उभा राहिला, याचं मला फार अप्रूप आहे.

तेव्हा सुरुवात छोटी करा. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. असे चार कागद एकात एक घालून मध्ये दोन पिना मारल्या की सोळा पानांचा अंक तयार. झेरॉक्सच्या दुकानात काम होतं. पहिल्या अंकात कथा एकच घ्या, वाचलेल्या कथांवरची परखड मतं भरपूर घ्या, आणि निम्मी पानं पत्रांसाठी मोकळी ठेवा. बेळगावात विज्ञानकथा कन्नडमधून वाचणारेही आहेत. त्यांनी कन्नडमध्ये पत्र लिहिलं तर ते कन्नडमध्येच छापा, खाली मराठीत चार ओळींचा सारांश द्या. प्रत ग्रंथालयात ठेवा, एक प्रत नारळीकरांच्या कथा वाचणाऱ्या एखाद्या आठवीच्या मुलीला द्या आणि पुढच्या अंकासाठी तिच्याकडून पत्र मागा.

नमस्कार.