आधी काटा, मग कटर

मंडळी, हातातलं हे विमान तुम्ही मघापासून बघताय. याचा पंख म्हणजे 3 मिलिमीटर जाडीच्या फोमचा सपाट तुकडा. पंख वरून फुगीर हवा असं आपण शाळेत शिकलो, मग हे उडतं कसं? तर सपाट फळीसुद्धा नाक जरा वर करून पुढे सरकली की हवा खाली ढकलते. आकार लहान आणि वेग कमी असला की गुबगुबीत पंखाचा फायदा फारसा उरत नाही. त्याचं वजन मात्र उरतं.

आणि बंद हॉलमध्ये उडवायचं म्हटलं की सगळं वजनापाशीच येऊन थांबतं. हे विमान 100 ग्रॅमचं, पंखाचं क्षेत्रफळ 20 चौरस डेसिमीटर. सेकंदाला साधारण 3 मीटर वेग मिळाला की ते हवेत तरंगतं. वळताना मात्र जास्त वेग हवा, 5 मीटर धरा. 45 अंश कलून वळलं तर वर्तुळाचा व्यास होतो 5 मीटरच्या आसपास. आता हेच विमान 400 ग्रॅमचं करा. चौपट वजनाला दुप्पट वेग लागतो, आणि दुप्पट वेगाला चौपट मोठं वळण. म्हणजे 20 मीटर. बास्केटबॉलचं मैदान 15 मीटर रुंद असतं. पुढचं मी सांगायला नको, भिंत सांगेल.

म्हणून मी कटरच्या आधी वजनकाटा काढतो. या जाडीच्या फोमचा एक चौरस मीटर 100 ते 120 ग्रॅम भरतो, 1 मिलिमीटरची कार्बनची काडी मीटरला साधारण सव्वा ग्रॅम. कागदावर बेरीज छान जमते. घात करतो तो ग्लू! माणसाला वाटतं, अजून एक थेंब, म्हणजे पक्कं. तो थेंब शेपटीला पडला तर आणखी महाग. गुरुत्वमध्यापासून शेपटी नाकाच्या दुप्पट लांब असेल, तर तिथल्या 1 ग्रॅमला तोलायला नाकाशी 2 ग्रॅम लागतात. ग्रॅमभर ग्लूपायी तीन ग्रॅम. रंगाचंही तेच; दुरून दिसण्यापुरत्या मार्करच्या चार रेघा पुरेत.

ग्लूवरून आठवलं. माझ्या पहिल्या विमानाला मी साधा इन्स्टंट ग्लू लावला. दोन मिनिटांत पंखाला भोक! तो ग्लू पॉलिस्टायरीन फोम खातो. फोमसाठीचा वेगळा मिळतो, तोच घ्यायचा, आणि आधी टाकाऊ तुकड्यावर लावून बघायचा. ईपीपी नावाचा फोम यातून वाचतो, आपटला तरी उसळतो, पण लवचिक असल्यामुळे त्याला काड्यांचे आधार जास्त द्यावे लागतात. शिकाऊ हाताला मी तोच देईन. कडक फोमचं विमान उडतं सुरेख, पण एका टकरीत नाक मोडतं.

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव भागावर ठेवून सुरुवात करा. तो जुळवायला शिसं चिकटवू नका, बॅटरीच पुढेमागे सरकवा. नाहीतरी ती न्यायचीच आहे. मोटर बंद ठेवून हातातून अलगद सोडा. नाक खुपसलं तर बॅटरी जरा मागे. वर चढून थबकलं आणि खाली बसलं, तर पुढे.

आता तो छताचा पंखा आणि एसी कुणीतरी बंद करा. खिडकीसुद्धा. बाहेर जी झुळूक जाणवणारही नाही, ती याला भिंतीवर नेऊन ठेवते. पुढच्या रांगेतल्यांनी मान खाली घेतली तरी चालेल.