मूल बोललं, पुढं काय?

बडोद्याला कायद्यांची वानवा कधीच नव्हती. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आधी अमरेली तालुक्यात झाला आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानात लागू झालं. आज तर अडचणीतल्या मुलांसाठी बाल न्याय कायदा आहे, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो आहे, शिक्षणहक्क आहे. इतकं असून मूल अडकतं ते कायदा आणि कचेरी यांच्या मधल्या जागेत. मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्याला उभं राहायचंय ते नेमकं तिथं. मोर्चे आणि निवेदनं हाही या कामाचा भाग आहे, पण आज मी त्यावर बोलणार नाही. आज बोलायचंय ते एका कागदाबद्दल. आपल्यावरच्या अत्याचाराबद्दल मूल तुमच्यापाशी पहिल्यांदा बोलतं, त्यानंतर तुम्ही जो लिहिता, तो कागद.

मूल सहसा पोलिसांकडे जात नाही. ते शाळेतल्या बाईंना सांगतं, आंगणवाडीच्या ताईंना सांगतं, कधी शेजारच्या आजींना. या सभागृहात निवृत्त शिक्षक बरेच आहेत म्हणून स्पष्टच सांगतो: सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं आणि ते चांगली माणसं करतात. बाई ऐकतात, मुख्याध्यापकांना बोलावतात, मुलीला पुन्हा सांगायला लावतात. मग आई येते, मामा येतो, कुणी ओळखीचा कार्यकर्ता येतो. पोलीस ठाण्यात पोहोचेपर्यंत मुलीनं तीच गोष्ट पाच वेळा सांगितलेली असते, आणि पाचही वेळा ती थोडी बदललेली असते. कारण विचारणारा प्रत्येक जण प्रश्नातच उत्तर घालतो. ‘त्यानं तुला हात लावला ना?’ असं विचारलं की मूल मान डोलावतं. पुढं कोर्टात बचावाचा वकील हाच धागा ओढतो.

म्हणून एकानंच ऐकायचं. मुलाच्या उंचीला येऊन बसा. आडोसा हवा, पण दाराला कडी नको. ‘मी कुणाला सांगणार नाही’ हे वचन अजिबात द्यायचं नाही, कारण पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणं कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर एक वर्षापर्यंत. म्हणून मुलाला सांगा, ‘तुला सुरक्षित ठेवायला मला एक-दोघांना सांगावं लागेल.’ प्रश्न एकच पुरतो: ‘काय झालं ते तुला जमेल तसं सांग.’ मूल थांबलं तर ‘मग?’ एवढंच. ‘तू ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न तर कधीच नाही. त्यात दोष मुलाच्या पदरात पडतो. कोण, साधारण काय, केव्हा, आज रात्री मूल कुठं झोपणार आणि कुठं दुखतंय का, एवढं कळलं की थांबा. बाकीचं विचारणं तपास अधिकाऱ्याचं काम.

मूल गेल्यावर लगेच लिहायला बसा, संध्याकाळवर टाकू नका. वर तारीख, वेळ, जागा आणि हजर असलेल्यांची नावं. खाली तुमचा प्रश्न आणि मुलाचं उत्तर, जसंच्या तसं. मूल गुजरातीत बोललं तर गुजरातीत, राठवा आदिवासींची राठवी बोललं तर कानाला आलं तसं देवनागरीत. शरीराच्या अवयवाला मूल जो शब्द वापरतं तोच लिहा. ‘लैंगिक अत्याचार झाला’ असं तुमच्या शब्दांत लिहिलंत तर तो तुमचा निष्कर्ष होतो, मुलाचं बोलणं राहत नाही. मूल रडत होतं, गप्प झालं, बाहुलीचा हात पिळत बसलं, हे दिसलं तसं टिपा. त्याचा अर्थ लावू नका. खाली सही. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करा. पांढरा रंग लावून झाकू नका आणि फेरनक्कल काढून मूळ कागद फाडू नका. अक्षर वाईट असलं तरी मूळ कागदच कामाचा.

घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका. अंगावरचे कपडे बदललेच असतील तर कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा साठतो, बुरशी धरते आणि पुरावा जातो. दवाखान्यात एफआयआर आधी लागत नाही. सरकारी असो वा खाजगी, उपचार ताबडतोब आणि मोफत द्यायचे आहेत. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून ‘आधी ठाण्यात जाऊन या’ असं कुणी म्हणालं तर तिथंच ठाम उभं राहायचं. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतील, आणि आईवडील किंवा मुलीचा विश्वास असलेलं माणूस तिथं हजर असेल.

पोलिसांनी मुलाचा जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा, गणवेश न घालता, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं. घटना दाहोदला घडली आणि मूल इथं मकरपुऱ्याच्या बांधकामावर असेल, तर ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर चालत नाही. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या काळजीचे आणि संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीला, कळवायचं असतं. ते कळवणं पुष्कळदा मागं राहतं. म्हणून तुम्हीही समितीला स्वतंत्र पत्र द्या, पोच घ्या आणि त्यात सहायक व्यक्ती, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाला सोबत करणारं माणूस, नेमण्याची मागणी करा. कपडे, प्रवास, औषध यांसाठी तातडीच्या मदतीची शिफारस समितीला करता येते. तीही त्याच पत्रात मागा. नुकसानभरपाई वेगळी, ती विशेष न्यायालय ठरवतं, आणि अंतरिम रक्कम खटला संपण्याआधीही मिळू शकते.

समितीबद्दल एक व्यवहारातली गोष्ट. स्टेशनवर एकटं सापडलेलं, कामावरून सोडवलेलं, घरातून पळालेलं अशा प्रत्येक मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढं न्यायचं असतं. ‘आज रविवार आहे’ ही सबब नाही. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढंही मुलाला नेता येतं. आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाला विचारून इथं महिला व बालविकासाची कचेरी शोधत फिरू नका. गुजरातेत हा विषय सामाजिक न्याय खात्याकडे आहे. दारावर पाटी असते जिल्हा समाज सुरक्षा अधिकाऱ्याची, आणि बालविवाह प्रतिबंध अधिकारीही तेच. लग्न ठरल्याचं आधी कळलं तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर कळवाच, पण न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूमही मिळवा. हुकूम असताना लावलेलं लग्न मुळापासूनच रद्द ठरतं. हुकूम नसेल तर एरवी ते रद्द करून घ्यायला पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते.

वयाच्या दाखल्यावर अर्धी प्रकरणं लंगडी पडतात. आधार कार्ड पुढं केलं जातं आणि ते टिकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही वय ठरवायला आधारऐवजी शाळेच्या दाखल्याचा आधार घ्यावा असं सांगितलं. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. तिच्यात दोन वर्षांचा फरक सहज पडू शकतो. सतरा की एकोणीस यावर सगळा खटला उभा असताना दोन वर्षं म्हणजे सगळंच. म्हणून मूल, समजा, छोटा उदेपूरचं असेल, तर ते ज्या शाळेत पहिलीत गेलं तिथल्या जनरल रजिस्टरच्या, म्हणजे प्रवेशनोंदीच्या वहीच्या, त्या पानाची प्रमाणित नक्कल मागवा. नोंद कुणी आणि कशाच्या आधारावर केली हेही लिहून घ्या. अंदाजानं टाकलेली १ जून ही तारीख उलटतपासणीत फार दमवते.

बालमजुरीत स्वतः धाड घालायला जाऊ नका. मालक मूल मागच्या दारानं हलवतो आणि वर तुमच्यावरच तक्रार करतो. उत्तरायणाआधी, म्हणजे संक्रांतीआधी, पतंगाच्या मांजाच्या हंगामात हे हमखास. कामगार खातं आणि पोलिसांना लेखी कळवा. सुटकेनंतर थकलेली मजुरी मागायचं विसरू नका, कारण ती मिळाली नाही तर घरचेच मुलाला परत पाठवतात. दंड २० ते ५० हजारांचा, तो मुलांच्या पुनर्वसन निधीत जातो आणि सरकार दर मुलामागं १५ हजार त्यात घालतं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत पात्र घराला मुलाच्या खर्चासाठी महिन्याला ४,००० रुपये प्रायोजन मिळतं, त्याचा अर्ज त्याच आठवड्यात भरा. शाळेत वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून नकार देता येत नाही.

फोटोचा मोह मात्र आवरा. ‘आम्ही सोडवलेली मुलगी’ म्हणून व्हॉट्सअॅपवर चेहरा, शाळा किंवा गल्ली टाकली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली तुम्हीच आरोपी. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता कोर्टाचा दिवस. कोर्टानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षात खटला संपावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत जातात आणि घरचे समेटाला येतात. सहायक व्यक्तीनं मुलाला आदल्या आठवड्यात रिकामं कोर्ट दाखवून आणावं, कोण कुठं बसतं ते सांगावं. जबाब पाठ करून घ्यायचा नाही. आरोपी समोर दिसू नये म्हणून पडद्याची मागणी आधीच लेखी द्या. वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारले जातात, आणि मधे विश्रांती देण्याची सोय कायद्यातच आहे. ती मागायला संकोच करू नका. डबा, पाण्याची बाटली आणि एक जादा कपड्यांचा जोड बरोबर ठेवा. लहान मुलं अशा दिवशी कपडे ओले करतात, आणि जोड नसेल तर साक्ष दुपारनंतर किंवा पुढच्या तारखेला जाते.