शेवटच्या नळाला क्लोरीन पोचतंय का?

नमस्कार श्रोतेहो.

पुणे जिल्ह्याच्या आरोग्याची दुखरी जागा म्हणजे गाव आणि शहर यांची शीव. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ साली महापालिकेत आली. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बॅरी सिंड्रोमचे, रुग्ण एकामागोमाग निघाले. जुलाबानंतर काही दिवसांनी हातापायांतली ताकद जाते, असा हा आजार. संशय गेला तो पिण्याच्या पाण्यावर.

पाण्यातले जंतू मारायला विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर टाकतात, पण ‘दोन मुठी’ हे काही माप नव्हे. व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीनं गुणा आणि मग ७८५नं. आले तेवढे लिटर. व्यास ५ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल, तर ७८,५०० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम पावडर. ती थेट विहिरीत भिरकावू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवा, मग पाणी वाढवून ढवळा. दहा मिनिटांत चुना तळाला बसतो. वरची निवळी तेवढी विहिरीत सोडा, पोहरा वरखाली करून पाणी हलवा आणि निदान अर्धा तास उपसा बंद ठेवा. टँकरलाही हेच प्रमाण: १० हजार लिटरला ५० ग्रॅम.

एवढं करूनही बिघडतं, ते बहुधा पोत्यात. चांगल्या पावडरीत क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की तो उडून जातो; २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर बाद समजा. पावसाळ्यात गढूळ पाण्यातला गाळच क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून आधी पाणी निवळू द्या.

आणि आरओचा जार? आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर क्लोरीन काढून घेतो. नंतर जार नीट धुतला नसेल, तर त्यात जंतू वाढायला आडकाठी राहत नाही. हे पाणीही उकळून प्या.

ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का हे ऑर्थोटोलिडीनच्या थेंबांनी पाहायची चाचणी, मात्र टाकीजवळ करून थांबू नका. गावात, वाडीत जो नळ सर्वांत लांब, तिथलं पाणी नळीत घ्या, ओटीचे थेंब टाका. पिवळी छटा आली, तर क्लोरीन आहे. रंग पट्टीवरच्या ०.२ पीपीएमच्या (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) खाली नको. थेंब टाकलेलं नळीतलं पाणी ओतून द्या, पिऊ नका. रंगच आला नाही, तर गावात जलसुरक्षकाला (ग्रामपंचायतीचं पाणी तपासणाऱ्याला) आणि शहरात पाणीपुरवठा विभागाला त्याच दिवशी कळवा.