भिंतीवरचं निळं वर्तुळ

(दृश्य : कार्यशाळा. साच्यात ओतली जाणारी माती.)

ही पातळ केलेली माती आहे. कोणती नामवंत व्यक्ती कुठल्या घरात राहिली हे सांगणारे लंडनच्या भिंतींवरचे निळे फलक हिच्यातून घडतात. प्लास्टरच्या गोल साच्यात ती ओततात आणि थांबतात. प्लास्टर मातीतलं पाणी शोषून घेतं, माती आवळत जाते. साचा उघडल्यावर तबकडी वाळायला ठेवतात, तीही सावकाश. घाई केली तर ती वाकते किंवा तडकते. भाजताना माती आक्रसते, म्हणून सुरुवातीची तबकडी हव्या त्या मापापेक्षा मोठीच करावी लागते.

(दृश्य : अक्षरांवर फिरणारा हात. जवळून.)

आता अक्षरं. केकवर नक्षी काढतात तशी मातीची बारीक धार सोडून प्रत्येक अक्षराची कड उठवली जाते. त्या कडेच्या आत पांढरी झिलई भरायची, बाहेर निळी. कड मध्ये असते म्हणून दोन रंग एकमेकांत उतरत नाहीत. यात छापील काही नाही. नीट पाहिलंत तर एकाच नावातले दोन ‘ए’ अगदी हुबेहूब नसतात.

(दृश्य : भट्टीतून निघालेला फलक.)

भट्टीतून निघतो तो ४९५ मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे ५० मिलिमीटर जाडीचा फलक. मध्यभागी किंचित फुगीर. पावसाचं पाणी त्यावरून ओघळतं आणि जाताना धूळ घेऊन जातं. लंडनमध्ये पाऊस पुरेसा पडतो, त्यामुळे हे फलक वर्षानुवर्षं जवळजवळ आपोआप स्वच्छ राहतात.

(दृश्य : भिंतीवर छिन्नी. विटांचा भुगा.)

फलक नुसता खिळ्यांनी ठोकत नाहीत. गवंडी भिंतीत गोल खोबण कोरतो आणि फलक तिच्यात बसवतो. घरमालकाची संमती असल्याशिवाय छिन्नी भिंतीला लागत नाही.

ही कल्पना आहे १८६३ सालची. विल्यम इवर्ट हे ब्रिटिश खासदार. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा व्हावा म्हणून झटलेले. नामवंत माणसं जिथे राहिली, त्या घरांवर खूण असावी, असं त्यांनी संसदेत सुचवलं. सरकारने ते अंगावर घेतलं नाही. तीन वर्षांनी, १८६६ मध्ये, ‘सोसायटी ऑफ आर्ट्स’ या संस्थेने काम हाती घेतलं. अशा योजनांमध्ये लंडनची ही योजना जगातली सर्वांत जुनी मानली जाते.

पहिला फलक १८६७ मध्ये लागला, होलिस स्ट्रीटवर, कवी लॉर्ड बायरनच्या जन्मघरावर. १८८९ मध्ये ते घर पाडलं.

(दृश्य : किंग स्ट्रीट. गरुडाचं चिन्ह असलेला फलक.)

त्याच वर्षीचा हा दुसरा फलक मात्र टिकला. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन सत्तेवर येण्याआधी इथे राहत होता. वर गरुड आहे तो त्याच्या साम्राज्याचा. हा फलक बसवला तेव्हा सम्राट हयात होता. पुढे असं पुन्हा कुणाच्याही बाबतीत घडलं नाही.

निळा रंग सुरुवातीला महाग पडायचा, म्हणून बरीच वर्षं चॉकलेटी फलक लागले. १९०१ मध्ये योजना लंडन काउंटी कौन्सिलकडे आली. त्यांचा पहिला फलक १९०३ चा, लॉर्ड मेकॉलेचा. हो, आपल्या शिक्षणावर ज्याची सावली अजून आहे, तोच. आज दिसणारी साधी रचना १९३८ मधली, एका कला-विद्यार्थ्याने केलेली. त्याला मोबदला मिळाला चार गिनी. १९६५ पासून योजना ग्रेटर लंडन कौन्सिलकडे होती, १९८६ पासून ती ऐतिहासिक वारसा जपणाऱ्या ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेकडे आहे.

(दृश्य : ब्रुक स्ट्रीट. शेजारशेजारचे दोन फलक.)

ब्रुक स्ट्रीटवर २५ क्रमांकाच्या घरात संगीतकार हँडेल ३६ वर्षं राहिला आणि तिथेच वारला. भिंतीला भिंत लागून असलेल्या २३ क्रमांकाच्या घरात दोनशेहून अधिक वर्षांनी गिटारवादक जिमी हेंड्रिक्स राहायला आला. दोघांची नावं आज एकमेकांशेजारी आहेत.

(दृश्य : हौली प्लेस. कॅमेरा रस्त्यावरून दाराकडे.)

आणि आता आपण येतो १०, हौली प्लेस, मेडा व्हेल इथे.

लोकमान्य टिळक ऑक्टोबर १९१८ मध्ये लंडनला आले ते कोर्टकचेरीसाठी. पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलने त्यांना ‘भारतीय असंतोषाचे जनक’ म्हटलं होतं. आपण ते बिरुद म्हणून मिरवतो, पण चिरोलने लिहिलं होतं ते आरोप म्हणून. त्याच्या लिखाणाविरुद्ध टिळकांनी इथे बदनामीचा खटला लढवला. समोर वकील होते सर एडवर्ड कार्सन. फेब्रुवारी १९१९ मध्ये निकाल विरुद्ध गेला. मंडालेचा तुरुंगवास भोगून आलेला, साठी ओलांडलेला हा माणूस त्यानंतरही लगेच परतला नाही. नोव्हेंबरपर्यंत थांबला, मजूर पक्षाच्या नेत्यांना भेटला, संसदीय समितीसमोर स्वराज्याची बाजू मांडली. त्या सगळ्या काळातला हा पत्ता. फलक १९६१ मध्ये लागला. त्यावर एवढंच आहे : लोकमान्य टिळक, १८५६–१९२०, भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ, १९१८–१९१९ या काळात इथे राहत होते.

खटल्याचा उल्लेख नाही. हातभर रुंदीच्या वर्तुळात तो मावणारही नाही. जन्ममृत्यूची वर्षं, ओळख करून देणारे मोजके शब्द आणि घराशी असलेलं नातं, इतकीच जागा असते. म्हणूनच अशी घरं कॅमेऱ्यासमोर बोलती करावी लागतात, असं मला वाटतं.

(दृश्य : हायगेट. क्रॉमवेल अव्हेन्यू, चढाचा रस्ता.)

हायगेटमधलं ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू. हे इंडिया हाउस. श्यामजी कृष्णवर्मांनी भारतीय विद्यार्थ्यांसाठी काढलेलं वसतिगृह. १ जुलै १९०५ रोजी हेन्री हाइंडमन या समाजवादी नेत्याने त्याचं उद्घाटन केलं. पुढच्याच वर्षी विनायक दामोदर सावरकर कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला आले आणि इथे राहू लागले. मार्च १९१० मध्ये व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना अटक झाली. या घरावर त्यांच्या नावाचा फलक लागला १९८५ मध्ये. ओळख तीच, टिळकांच्या फलकावरची : भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ.

(दृश्य : किंग हेन्रीज रोड. दार, फलक, आत जाणारी माणसं.)

किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर. १९२१–२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, असा त्यांचा दुहेरी अभ्यास चालू होता. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध याच मुक्कामातला. भिंतीवर निळा फलक आहे : सामाजिक न्यायासाठी लढणारा भारतीय.

२०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये ते स्मारक म्हणून खुलं झालं. राहतं घर संग्रहालय म्हणून वापरायला स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली. जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. आज त्या दारातून आत जाता येतं. टिळकांच्या आणि सावरकरांच्या घरांसमोर मात्र फुटपाथवर उभं राहूनच फलक वाचावा लागतो.

(दृश्य : अँनर्ली पार्क. पडदा सरकवल्याची दृश्यं.)

दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आले, अगदी मोजक्या मतांनी. १८९७ मध्ये ते लंडनच्या दक्षिणेला, अँनर्ली पार्कवरच्या या घरात राहायला आले. १९१७ मध्ये त्यांचं निधन झालं. फलक लागला २०२२ मध्ये, म्हणजे १०५ वर्षांनी.

त्याआधी दोन वर्षं, २०२० मध्ये, टॅव्हिटन स्ट्रीटवर नूर इनायत खान यांचं नाव लागलं. नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये ब्रिटनसाठी गुप्त वायरलेस चालवणाऱ्या आणि दाखाऊच्या छळछावणीत मारल्या गेलेल्या नूर. या योजनेतल्या एकूण फलकांपैकी स्त्रियांचे साधारण १५ टक्केच आहेत.

फलकामुळे घराला कायद्याचं संरक्षण मिळत नाही. ते वेगळं मिळवावं लागतं.

(दृश्य : समितीच्या टेबलावर पसरलेले कागद, जुने नकाशे.)

नाव कुणीही सुचवू शकतं. त्या व्यक्तीच्या मृत्यूला २० वर्षं झालेली असावीत. ती राहिली वा तिने काम केलं ते घर लंडनमध्ये उभं असावं, तिला ओळखू येईल अशा रूपात, आणि फलक रस्त्यावरून दिसायला हवा. मग अभ्यासक कागद चाळतात. ती माणसं खरंच त्या दारामागे राहत होती का, कधीपासून कधीपर्यंत, रस्त्यावरच्या घरांचे क्रमांक मधल्या काळात बदलले का, हे सगळं तपासलं जातं. सूचना आल्यापासून पडदा सरकेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात. समितीने नाव नाकारलं, तर ते पुन्हा सुचवायला दहा वर्षं थांबावं लागतं. म्हणून पत्ता आणि पुरावा हाताशी असल्याशिवाय अर्ज करू नये.